ताईचा आवाज बसवताना

सूचनांच्या पानावर अगदी वरच लिहिलं होतं की ही एक ओळ टाइप करा, एंटर दाबा, झालं. ठकीने ओळ टाइप केली, एकेक अक्षर बोटाने तपासलं, एंटर दाबलं आणि हात मांडीवर घेऊन बसली. थोडा वेळ कॉम्प्युटरच्या काळ्या खिडकीत पांढऱ्या ओळी गुमान सरकत राहिल्या. मग एकदम लाल अक्षरांचा असा लोंढा सुटला की ती खुर्चीसकट मागे झाली.

"काय झालं?" पलंगावर लोडाला टेकून बसलेल्या ताईने विचारलं.

"चाक बनवता आलं नाही म्हणतंय."

"कसलं चाक?"

"मला काय माहीत! असंच लिहिलंय. चाक बनवताना अडचण आली."

"अगं, तू माझा आवाज बसवतेयस की हातगाडी?"

ठकीला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोचलं नाही. तिने तीच ओळ पुन्हा टाइप केली, जणू मघाशी कॉम्प्युटरला नीट ऐकू गेलं नसेल. लोंढा पुन्हा आला, तसाच्या तसा.

ठकी हे नाव ताईनेच ठेवलेलं. लहानपणी कुठे बसवली की लाकडी बाहुलीसारखी बसून राहायची, म्हणून ठकी. आता तिची पन्नाशी उलटली होती, इस्पितळात सगळे तिला मॅडम म्हणत, पण ताईच्या दारात चप्पल काढली की ती पुन्हा ठकीच. इस्पितळात तिचं काम वाचा-उपचारांचं. आजाराने किंवा ऑपरेशनने ज्यांचं बोलणं गेलं त्यांना नव्याने बोलतं करायचं. घशाच्या कॅन्सरमध्ये अख्खं स्वरयंत्र काढावं लागलेली कितीतरी माणसं तिच्या त्या आरशाच्या खोलीत येऊन बसली होती. मानेवर श्वासाचं भोक, हातात पाटी, डोळ्यांत राग. त्यांच्याशी कसं वागायचं, घरच्यांना काय सांगायचं, हे तिला झोपेतसुद्धा आलं असतं.

आणि आता तेच ऑपरेशन ताईचं ठरलं होतं.

ताईचा आवाज गोड होता असं तिच्या नवऱ्यानेही कधी म्हटलं नसतं. ती जन्मभर शहराच्या तरणतलावावर पोहायला शिकवत आली होती. शिट्टी गळ्यात असायची, पण ती वाजवायची वेळ क्वचित यायची. तिचा आवाज फुटक्या कर्ण्यासारखा तलावाच्या या टोकाकडून त्या टोकाला जायचा आणि पाण्याखालच्या पोरांनासुद्धा ऐकू यायचा. त्या आवाजात खरखर वाढली तेव्हा कुणाला वेगळं काही वाटलंच नाही. सगळे म्हणाले, ओरडून ओरडून घसा बसलाय. खुद्द ठकी, जिचा हाच धंदा, तीही तेच म्हणाली होती. त्या गोष्टीवर दोघी बहिणी बोलत नसत.

आवाज साठवून ठेवायची कल्पना ठकीची. माणसाने आधी बरीचशी वाक्यं वाचून रेकॉर्ड करून ठेवली, तर नंतर तो जे काही टाइप करील ते कॉम्प्युटर त्याच्याच आवाजात बोलून दाखवतो. अशी सेवा देणाऱ्या कंपन्या होत्या, पण त्यांच्याकडे सगळी रेकॉर्डिंग पाठवावी लागत. ताईने साफ नकार दिला. "माझा आवाज मी परक्यांच्या घरी ठेवायला देणार नाही. जे काय करायचं ते या खोलीत कर." मग इस्पितळातल्या एकाने ठकीला या टूलकिटचं, म्हणजे आवाज घडवणाऱ्या प्रोग्रॅमचं, पान दाखवलं. फुकट, आणि आपल्याच कॉम्प्युटरवर चालणारं. पायथनमध्ये लिहिलेलं.

"पायथन म्हणजे अजगर ना?" ताईने विचारलं होतं.

"ही एक भाषा आहे. कॉम्प्युटरची."

"बरं. म्हणजे माझा घसा काढून तिथे अजगर."

घाई यासाठी होती की नुसतं रेकॉर्ड करून भागणार नव्हतं. टूलकिटमध्ये एक तपासणी होती. घेतलेल्या रेकॉर्डिंगमध्ये कुठले आवाज पुरेसे आलेत, कुठले कमी पडताहेत, ते ती सांगायची. कमी पडले तर ताईने अजून वाचायला हवं होतं, आणि ते ऑपरेशनच्या आधीच. नंतर वाचायला कोण असणार होतं?

दुपारी भावोजी आत आले. ताईचे यजमान जन्मभर लिफ्ट दुरुस्त करत आले होते आणि यंत्र म्हटलं की त्यांना आपण मधे पडायलाच हवं असं वाटायचं. चष्मा कपाळावरून नाकावर आणून त्यांनी लाल ओळी वाचल्या.

"मेहुणीबाई, यात काही नाही. हे बघ, कंपायलर नाही म्हणतंय. तो घालायचा."

"कंपायलर म्हणजे काय?"

"म्हणजे..." भावोजींनी चष्मा पुन्हा वर सरकवला. "म्हणजे जो कंपाइल करतो तो."

ताई पलंगावरून खदखदून हसली, हसता हसता खोकली, आणि खोकला लांबला तशी खोलीत कुणी कुणाकडे बघेना.

कंपायलर उतरवायला घेतला तर तो केवढा मोठा! किती उतरलं ते दाखवणारी पडद्यावरची पट्टी मुंगीच्या पावलाने पुढे सरकत होती. भावोजी मधेच उठून कॉम्प्युटरच्या मागच्या पंख्याला हात लावून बघत, तापतंय का म्हणून. ठकीने तोवर ताईला वाचायला बसवलं. समोर मायक्रोफोन, हातात वाक्यांचे कागद. ही वाक्यं टूलकिटसोबतच आली होती आणि ताईचं त्यांच्याशी पहिल्या दिवसापासून पटत नव्हतं.

"'डोंगरामागून येणारा प्रकाश हळुवारपणे दरीत पसरला.' हे मी कधी म्हणणार आहे? कुणाला म्हणणार आहे?"

"ताई, ते अर्थासाठी नाही. त्यातले आवाज हवे असतात."

"मग 'दिवा घालव आणि झोप' यात आवाज नाहीत का?"

"आहेत गं. पण आधी हे वाच."

ताईने डोंगरामागून येणारा प्रकाश असा काही वाचला की तो दरीत आदळला असता. रेकॉर्डिंगचा काटा लाल रेघेपलीकडे गेला. ठकी म्हणाली, जरा हळू. ताई म्हणाली, हळू मला येत नाही, आता शिकणार नाही. मग दोन वाक्यं तिने शहाण्यासारखी वाचली आणि तिसऱ्याच्या आधी कागद खाली ठेवला.

"ठके, पाण्यात जाता येणार नाही ना मला?"

भावोजी कॉम्प्युटरमागे वाकलेले होते, ते तसेच वाकून राहिले.

हा प्रश्न येणार हे ठकीला ठाऊक होतं. मानेला भोक म्हणजे पाणी सरळ फुप्फुसात. तिच्या खोलीत आलेल्या प्रत्येकाला ती हे पहिल्याच आठवड्यात समजावून सांगायची, चित्र काढून दाखवायची, आंघोळीच्या वेळी मानेवर काय बांधायचं तेही. ताईला मात्र तिने अजून काही म्हणजे काही सांगितलं नव्हतं. रोज यायची आणि कॉम्प्युटरपुढे बसायची.

"नाही," ती म्हणाली.

"कमरेइतक्या?"

"पाय घसरला तर?"

"माझा पाय घसरेल? तलावावर?"

 ठकीने पट्टीकडे पाहिलं. पट्टी होती तिथेच होती. ताईने कागद उचलला आणि पुढचं वाक्य वाचलं, कुठल्याशा बागेतल्या बाकांविषयीचं, आणि ते इतकं नीट वाचलं की ठकीला रेकॉर्डचं बटण दाबलंय की नाही हेच आठवेना.

संध्याकाळी कंपायलर बसला. ठकीने तीच ओळ पुन्हा टाइप केली. या वेळी लाल काही आलं नाही. पंखा गुरगुरायला लागला, ओळींमागून ओळी धावल्या, आणि शेवटी लिहून आलं की सगळं यशस्वीपणे बसवलं आहे. भावोजींनी टाळी वाजवली. ठकीने टूलकिट सुरू करायला पडद्यावरच्या चित्रावर टिचकी मारली. उत्तर आलं: या नावाचं टूलकिट इथे नाही.

"आत्ता तर आहे म्हणालं!"

"पुन्हा बसव," भावोजी म्हणाले.

पुन्हा बसवायला गेली तर कॉम्प्युटर म्हणाला, हे आधीच बसवलेलं आहे. सुरू करायला गेली तर म्हणाला, नाही. बसवायला जावं तर आहे, वापरायला जावं तर नाही. ठकीने डोकं दोन्ही हातांत धरलं. तिला वाटलं, आपण वाचायला चुकतोय, म्हणून तिने भावोजींना मोठ्याने वाचायला लावलं. त्यांनीही तेच वाचलं. मग बंद करून चालू केलं. मग तारा काढून पुन्हा खोचल्या, यात काय साधणार हे दोघांनाही माहीत नव्हतं, पण लिफ्ट कितीदा तरी तेवढ्याने चालू झाली होती असं भावोजींचं म्हणणं पडलं.

त्यानंतरचे दिवस ठकीने धुक्यात चालावं तसे काढले. टूलकिटच्या मदतीच्या पानावर लोकांनी आपापल्या अडचणी लिहिल्या होत्या आणि दुसऱ्यांनी उपाय. एकाने म्हटलं, अमुक फाइल पुसा. दुसऱ्याने त्याखाली लिहिलं, ती फाइल चुकूनही पुसू नका. तिसऱ्याने लिहिलं होतं, "माझं सुटलं, धन्यवाद," आणि कसं सुटलं ते सांगितलंच नव्हतं. त्या तिसऱ्याला समोर उभं करून जाब विचारावा असं ठकीला वाटलं. कुणी लिहिलं की रस्ता चुकलाय, रस्ता दुरुस्त करा. कुठला रस्ता? तिने सापडेल तिथे सापडेल ते करून पाहिलं. दर वेळी काहीतरी बदलायचं, पण बदललं म्हणजे सुधारलं की बिघडलं हेच कळायचं नाही.

इस्पितळातही तिचं चित्त ठिकाणावर नव्हतं. ऑपरेशन होऊन बरेच दिवस झालेले एक शिंपीकाका तिच्याकडे येत. गळ्याला टेकवायचं गुणगुणणारं यंत्र धरून ते बोलायला शिकत होते. त्या दिवशी त्यांची बायको त्यांच्याआधीच उत्तरं देत होती. एरवी ठकीने तिला प्रेमाने थांबवलं असतं, "त्यांना बोलू द्या, वेळ लागू द्या." तिच्या लक्षातच आलं नाही. शेवटी काकांनीच यंत्र गळ्याला लावलं आणि भुंग्यासारख्या आवाजात म्हणाले, "मॅडम, तुम्ही कुठे आहात?"

"मी?" ठकी दचकली. "इथेच आहे."

बायको हसली, काका नाही हसले. ती दोघं गेल्यावर ठकीने दार लोटून घेतलं आणि मदतीच्या पानावर जसं सुचेल तसं लिहून टाकलं. बहिणीचं ऑपरेशन आहे, आवाज जाणार आहे, टूलकिट आहे म्हणतं आणि नाही म्हणतं, मला यातलं काही कळत नाही, कृपा करून कुणीतरी बोला माझ्याशी.

उत्तर आलं ते टूलकिट बनवणाऱ्या बाईंचंच. कुठल्याशा विद्यापीठात शिकवत होत्या. पुढच्या दुपारी व्हिडिओवर बोलू म्हणाल्या.

दुपारी ताईच्या खोलीत तिघं पडद्यापुढे दाटीवाटीने बसली. समोर टूलकिटवाली बाई आली, केस कसेतरी वर बांधलेले, मागे वाळत घातलेली लहान मुलांची मोजी. आपल्यासारखीच घरातली दिसते हे बघून ठकीला जरा धीर आला.

"तुमच्याकडे पायथन कुठला आहे?" बाईंनी विचारलं.

"तुमच्या पानावर लिहिलाय तोच. मी स्वतः घातलाय."

"मला आकडा वाचून दाखवा."

बाई सांगत गेल्या तसं ठकीने टाइप केलं आणि आकडा वाचला. बाईंच्या कपाळाला आठी पडली. "हा तर अगदी नवा आहे. हा तुम्ही घातला?"

"नाही हो. मी जुनाच घातला होता."

"म्हणजे तुमच्याकडे दोन आहेत. टूलकिट बसतंय एकात आणि तुम्ही शोधताय दुसऱ्यात."

 ताईने सावकाश मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. भावोजी चष्म्याची काच शर्टाच्या टोकाने पुसत होते, काच स्वच्छच होती.

"मी बघितलं, हिने जुना घातलाय," ते म्हणाले. "म्हटलं, घालायचाच तर नवा घालावा. नव्यात सगळं सुधारलेलं असतं. जुना काढला नाही, असू दे म्हटलं."

"आणि सांगितलं नाहीत?" ठकीचा आवाज चढला. "मी इतके दिवस इथे डोकं फोडून घेतेय!"

"मला वाटलं, मदत होईल."

"तुम्हाला नेहमीच वाटतं!" हे ताई ओरडली, आणि काय ओरडली! तलावावरचा तोच आवाज. पडद्यावरच्या बाई मागे सरकल्या, त्यांच्या घरात कुठेतरी मूल रडायला लागलं. शेवटच्या शब्दावर तो आवाज मधोमध चिरला आणि नुसता वारा उरला. ताई तोंड उघडं ठेवून तशीच थांबली. भावोजींनी पाण्याचा पेला तिच्या हातात दिला. तिने तो घेतला, म्हणजे राग गेला होता.

बाई मुलाला कडेवर घेऊन परत आल्या आणि त्यांनी समजावून सांगितलं. टूलकिटचे काही भाग दुसऱ्या, जास्त वेगवान भाषेत लिहिलेले होते. ते कॉम्प्युटरला थेट कळावेत म्हणून आधी कंपाइल करावे लागतात. "असं समजा की आम्ही ब्रेड भाजून पाठवतो. तुमच्या जुन्या पायथनला चालेल असा भाजलेला तयार आहे. नव्यासाठी अजून आम्ही भाजलेलाच नाही. मग तुमचा कॉम्प्युटर आमच्याकडून नुसतं पीठ घेतो आणि घरीच भाजायला बघतो. भट्टी, म्हणजे तो कंपायलर, नसली की लाल अक्षरं."

"आणि चाक?" ताईने घोगऱ्या आवाजात विचारलं.

"चाक म्हणजे तो भाजलेला ब्रेडच. आमच्याकडे त्याला चाक म्हणतात."

"का?"

बाई जरा विचारात पडल्या. "ते मलाही नीट माहीत नाही."

ताईला हे उत्तर फार आवडलं.

मग बाईंनी एक नवी, वेगळी खोली करायला लावली. खोली म्हणजे कॉम्प्युटरच्या आतली, जिथे फक्त जुना पायथन राहील आणि दुसऱ्या कुणाचा पाय लागणार नाही. ठकी एकेक अक्षर विचारून टाइप करत होती. भावोजींनी हात पाठीमागे बांधून ठेवले होते, कुणी सांगितलं नसताना. ओळी धावल्या. सगळं सुरळीत चाललंय असं वाटत असतानाच पुन्हा लाल अक्षरं आली.

 बाईंनी त्या ओळी वाचून दाखवायला सांगितल्या आणि दोनदा ऐकल्या.

"हा भाग माझा नाही," त्या म्हणाल्या. "म्हणजे आहे आमच्यातलाच, पण माझ्या एका सहकाऱ्याने लिहिला होता. तो केव्हाच सोडून गेला. तुमच्या कॉम्प्युटरला तो का चालत नाही हे मला खरंच कळत नाही."

"तुम्हालाही?"

"मलाही."

ठकीला रडू यायला हवं होतं. त्याऐवजी तिला हलकं वाटलं, आणि का ते तिलाच उमगेना.

"काय करतो तो भाग?" ताईने विचारलं.

"आवाज स्वच्छ करतो. मागचा गोंगाट, घरघर, खरखर काढून टाकतो."

"खरखर काढतो?" ताई पुढे वाकली. "कुणाची खरखर?"

"म्हणजे आवाजातली..."

"बाई, ती काढली तर मागे राहील काय माझं?"

बाई हसल्या. "सोडून देता येतो तो भाग. काम थोडं सावकाश चालेल आणि आवाज जरा ओबडधोबड येईल."

"सोडून द्या," ताई म्हणाली.

तो भाग वगळून ओळ पुन्हा दिली. आणि चित्रावर टिचकी मारताच टूलकिट उघडलं. कसलाही गाजावाजा न होता राखाडी रंगाची एक साधी खिडकी समोर उभी राहिली. ठकी तिच्याकडे बघतच बसली. तिला वाटत होतं, आत्ता मिटेल.

तपासणी लावून बाईंनी निरोप घेतला. बऱ्याच वेळाने निकाल आला. बहुतेक आवाज पुरेसे होते, फक्त ळ कमी पडत होता. दरी, प्रकाश, बागा यांच्यात ळ फारसा आलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईला इस्पितळात दाखल व्हायचं होतं.

"ळ पाहिजे?" ताईने मायक्रोफोन स्वतःकडे ओढला. "मग ते कागद ठेव बाजूला. दाब तुझं बटण."

ठकीने बटण दाबलं.

"पळू नका! काठावर पळू नका!" ताई म्हणाली. आवाज दुपारच्या ओरडण्याने बसलेला, पण शब्द ठणठणीत. "निळ्या रेघेच्या पलीकडे जायचं नाही. डोळे उघड, डोळे. पाणी चावत नाही तुला. तळाला जा, तळाला पाय लावून वर ये. जवळ ये. अजून जवळ. कंटाळा आला? मला नाही आला. गिळू नकोस, थुंक. सगळे वर या, वेळ संपली. केस कोरडे केल्याशिवाय कुणी बाहेर पळायचं नाही."

मधे ती थांबायची, पेल्यातून घोट घ्यायची, डोळे मिटून आठवायची. पुढ्यात पाणी असल्यासारखे तिचे हात हलत होते. एकदा तिने कुणालातरी "अरे, घाबरतोस काय, मी आहे ना जवळ" असं म्हटलं आणि मग कितीतरी वेळ काहीच म्हणाली नाही. ठकीने बटण तसंच चालू ठेवलं. भावोजी दाराच्या चौकटीत उभे होते. तपासणी पुन्हा लावली तेव्हा ळ पुरेसा झाला होता, पण ताई थांबेना. बाहेर दिवे लागेपर्यंत ती बोलत राहिली, आणि शेवटी शेवटी तर तिने तो डोंगरामागचा प्रकाशही पुन्हा वाचून टाकला, या वेळी हळू.

ऑपरेशन व्यवस्थित पार पडलं. ताई घरी आली ती मानेवर जाळीचा रुमाल बांधून. आरशासमोरचा पहिला धडा ठकीने तिला घरीच दिला, चित्र काढून, सगळं सांगून, काही न लपवता. ताई निमूट ऐकत होती. पाटीवर तिने लिहिलं, "हे आधी का नाही सांगितलंस?" ठकी म्हणाली, "जमलं नाही." ताईने मान हलवली आणि पाटी पुसली.

टूलकिटकडे वळायला तिला बरेच दिवस लागले; तोवर ठकीने रेकॉर्डिंगवरून आवाज घडवून ठेवला होता. एके सकाळी आपण होऊनच ती कॉम्प्युटरपुढे येऊन बसली. ठकी शेजारी स्टुलावर. ताईने एका बोटाने टाइप केलं: काल पोट भरून जेवले. मशीन थांबलं, थांबतच राहिलं, आणि मग खोलीत आवाज आला. "काल पोट भरून जेवले."

ठकी हसून ताईकडे वळली. पण ताईने कपाळाला आठ्या घालून ते पुन्हा लावलं, मग तिसऱ्यांदा. पाटी ओढून तिने लिहिलं, "ही कोण?"

"तूच गं."

ताईने मानेनेच नाही म्हटलं.

ठकी घोटाळ्यात पडली. आपला रेकॉर्ड केलेला आवाज कुणालाच आपला वाटत नाही, हे ती धंद्यामुळे जाणून होती. पण आता तिलाही खात्री वाटेना. दिवसरात्र त्या वाक्यांच्या सहवासात राहून तिचे कान बोथट झाले होते. खरंच ताई होती का ती? की तो वगळलेला भाग नडला? की दोन पायथनांतलं काहीतरी अजून कुठे अडकलं होतं? तिचा हात आपोआप सूचनांच्या पानाकडे गेला.

ताईने तिचा हात बाजूला केला. विचार करून एकच शब्द टाइप केला आणि बटण दाबलं.

"अहो!" मशीन म्हणालं.

"आलो, आलो!" न्हाणीघरातून भावोजी ओरडले. "काय झालं?"

नळ तसाच सोडून ते धावत आले. अर्ध्या तोंडाला साबण, हातात दाढीचं खोरं. दारात येऊन त्यांनी ताईकडे पाहिलं, मग तिच्या मानेवरच्या रुमालाकडे, मग कॉम्प्युटरकडे. आपल्याला कुणी हाक मारली हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि ते जिथे होते तिथेच उभे राहिले. साबण हनुवटीवरून शर्टावर उतरायला लागला. 

ताईने पुन्हा टाइप करायला घेतलं. एकेक अक्षर शोधून, सावकाश. बाकीची दोघं थांबून राहिली.

"तोंड पुसा आधी," मशीन म्हणालं.

भावोजींनी बाहीने तोंड पुसलं. पुसून झालं तरी बाही तोंडावरून काढेनात.

काही दिवसांनी टूलकिटवाल्या बाईंचा निरोप आला. तुमचं शेवटी नेमकं कशाने चाललं ते लिहाल का, म्हणजे मदतीच्या पानावर इतरांसाठी ठेवता येईल. ठकी लिहायला बसली. जुना पायथन, नवा पायथन, कंपायलर, वेगळी खोली, वगळलेला भाग, कशानंतर काय केलं याचा क्रम लावताना तिची पुरती भंबेरी उडाली. मधेच तारा काढून खोचल्या होत्या, ते लिहावं की नाही? फाइल पुसली होती की तसा नुसता विचार केला होता? तिने आठवलं तेवढं सगळं, आठवलं तसं लिहून काढलं आणि खाली प्रामाणिकपणे जोडलं की यातलं नक्की काय उपयोगी पडलं ते मला सांगता येणार नाही.

आतल्या खोलीत ताई नवऱ्याशी कशावरून तरी भांडत होती. मशीन सावकाश बोलत होतं आणि भावोजी प्रत्येक वाक्य पुरं होईपर्यंत थांबून मगच उत्तर देत होते. ठकीने निरोप पाठवून दिला आणि काय चाललंय ते बघायला आत गेली.